निधान

दीर म्हणाला, "जुनी कशाला घेऊलालीस, वैनी?
बॅटरी म्हणजे म्हातारीचे दात.
आज आहेत, उद्या…"
सासूबाईंनी काही न बोलता
उसाचं कांडं दातानं सोललं.
मग त्यांचा एकच प्रश्न:
"एका दमात सौंदत्ती गाठंल काय?"

संकेश्वरात बसवण्णेप्पा शिरगाव्यांच्या अंगणात
ती पांढरी मिनीव्हॅन उभी होती,
चार्जिंगच्या झाकणावर सरडा ऊन खात बसलेला.
"सहा वर्षं शाळेची पोरं वाहिली हिनं,"
ते म्हणाले, अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत.
किंमत मात्र पूर्ण मराठीत सांगितली.

मी वही नेली होती,
येळ्ळूरच्या आमच्या भाकरी केंद्राची.
सात बायका, रोजच्या अकराशे कडक भाकऱ्या,
टेंपोचं भाडं, टेंपोवाल्याचे रुसवे,
आणि पहाटे पावणेपाचला
ज्या दिवशी त्याचा फोन लागत नाही
त्या दिवशीचं नुकसान, लाल शाईत.

कागदावर एकशे तीस किलोमीटर.
मुश्ताक मुल्लानं मशीन लावलं, वाकून बघितलं:
एक्क्याऐंशी टक्के जीव शिल्लक.
"माझा मोजला तर याहून कमीच निघंल, वैनी."
मी तेवढ्यावर थांबले नाही.
मागच्या सीटा काढायला लावल्या,
जोंधळ्याची सहा पोती चढवली,
गाडी वंटमुरीच्या घाटाला लावली.

चढावर आकडा भराभर उतरला,
माझ्या पोटात खड्डा.
उतारावर पाय उचलला
आणि एक टक्का परत आला.
मुश्ताकला विचारलं, बिघडलं काय?
नाही म्हणाला. उतरताना देते ती.
चव्वेचाळीस वर्षांत
उतरताना कुणी हातावर काही ठेवलं
ते हे पहिलंच.

तासभर घासाघीस. चहा दोनदा.
शेवटचा आकडा इथं लिहीत नाही,
तो वहीत आहे, आणि ती वही
दिराला दाखवलेली नाही.

आरटीओतल्या बाईंनी माझं नाव
कन्नडात लिहिलं, गोल गोल, सुबक.
खाली मी मराठीत सही केली.
दोन्हींवर मिळून एकच शिक्का बसला,
जरा तिरका.

धुताना सीटखाली सापडलं:
पेन्सिलीची टोकं, एका पायाचा मोजा,
वाळलेली चिंच, कन्नड पाढ्यांचं फाटकं पान.
दाराच्या आतून कर्कटकानं कोरलेलं एक नाव,
अक्षर अक्षर लावत वाचलं: गंगव्वा.
तेवढं घासलं नाही.

मागच्या काचेवर पिवळं मोठं स्टिकर.
"काढू या?" मुलगीनं नख लावलेलंच होतं.
आधी वाच म्हटलं.
"निधान," तिनं वाचलं. "म्हणजे हळू, सावकाश."
सासूबाई माहेरच्या चंदगडच्या,
पन्नास वर्षांत कन्नड फक्त बाजारापुरतं.
"निधान? म्हणजे पुरलेला ठेवा की गं.
असू दे त्ये."
कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही.

आता पहाटे गाडी निघते
तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा मान उचलत नाहीत.
आत अकराशे भाकऱ्या, शेंगाचटणीचे डबे,
कधी कलावतीची पोर, परीक्षेला जाणारी,
मांडीवर पुस्तक, पुस्तकावर पीठ.
मागून कुणी हॉर्न वाजवला
तर मी आरशात बघते
आणि त्याला काच वाचू देते.

सौंदत्तीला अजून गेलो नाही.
यरगट्टीच्या एका ढाबेवाल्याकडं
पंधरा अँपचा प्लग आहे म्हणतात.
तासाचे किती घेतो
ते विचारायचं राहिलंय.